विक्रीच्या प्रिंटला बॉर्डर ठेवावी का? आणि खाली नाव छापावं का?

गडवाट

किल्ले आणि पावसाळी घाटांचे फोटो विकायला काढायचे आहेत. दोन प्रकार ठरलेत. एक, लॅबमधून १२×१८ इंची प्रिंट, नुसती पारदर्शक पाकिटात घालून. दुसरा, ए-३ कॉटन कागदावर पिगमेंट शाईची प्रिंट, जी गिऱ्हाईक बहुधा माउंट करून (म्हणजे भोवती खिडकी कापलेला पुठ्ठा लावून) फ्रेम करेल. फोटो सगळे ३:२ प्रमाणातले आणि कातर न लावलेले. भोवती बॉर्डर ठेवायची का? ठेवली तर किती, आणि पांढरी की काळी? खाली ‘राजगड, सुवेळा माची’ असं नाव छापायचं का? सही कुठे करायची? इन्स्टाच्या बॉर्डरबद्दल ढीगभर वाचायला मिळतं, विकायच्या कागदाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

शाईकागद

पांढरी ठेवा आणि रुंद ठेवा. शोभेचा मुद्दा नंतरचा. बॉर्डर म्हणजे प्रिंट हातात धरायची जागा. कॉटनच्या मॅट कागदावर शाई वरच्या थरातच असते, गडद भागाला नख लागलं तरी चरा दिसतो. बोटं कोऱ्या कागदावर पडली आणि कोपरा दुमडला तरी फोटो वाचतो. शिवाय माउंटखाली दाबायला कागद मिळतो.

आता किती, ते. ३:२ फोटोला चारी बाजूंनी सारखी बॉर्डर हवी असेल तर कागदाच्या आखूड बाजूची दीडपट करा आणि त्यातून लांब बाजू वजा करा. उरेल तेवढी बॉर्डर. ए-३ म्हणजे २९७×४२० मिमी. २९७ ची दीडपट ४४५.५, वजा ४२०, उरले २५.५ मिमी. फोटो बसतो ३६९×२४६, एक मिमीही न कापता. ए-४ ला १८ मिमी येते, ए-२ ला ३६. ए-मापांचे कागद ३:२ च्या कॅमेऱ्याला इतके सोयीचे आहेत हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. १३×१९ इंची कागदावर बरोबर अर्धा इंच येतो आणि आत १२×१८ चा फोटो. हाच हिशेब १२×१८ कागदाला लावलात तर उत्तर शून्य! म्हणजे त्या मापावर फोटो न कापता सारखी बॉर्डर येऊच शकत नाही.

फोटोशॉपमध्ये ए-३ साठी ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) फोटो ४३५८×२९०६ पिक्सेल करा, त्या मापावर शार्पन करा आणि मगच कॅनव्हास ४९६१×३५०८ करा, रंग पांढरा. आधी कॅनव्हास वाढवून मग शार्पन केलंत तर फोटोच्या कडेला उजळ-गडद किनार उमटते. पांढरा म्हणजे आरजीबी तिन्ही २५५. चुकून २५० राहिला तर प्रिंटर बॉर्डरवर विरळ ठिपके मारतो, दुरून कागद मळका वाटतो. रेंडरिंग इंटेंट (फाइलचे रंग कागदावर कसे बसवायचे ती प्रिंटची सेटिंग) ‘ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिक’ असेल तरीही कोऱ्या भागावर हलका रंग चढू शकतो. ‘रिलेटिव्ह’ किंवा ‘परसेप्चुअल’ ठेवा.

तुमच्या पावसाळी फोटोंत एक अडचण हमखास येणार. धुक्याचं आभाळ जवळजवळ पांढरं असतं, ते बॉर्डरमध्ये विरघळतं आणि फोटो कुठे संपला ते कळत नाही. तेवढ्याच फोटोंना बाहेरून २-३ पिक्सेलची मध्यम राखाडी रेघ द्या. ३०० पीपीआयला ती जेमतेम पाव मिमीची होते. सगळ्या संचाला सरसकट नको.

काळी रुंद बॉर्डर टाळा. शाई भरपूर खाते, कापलेल्या कडेला आतला पांढरा कागद दिसतो, आणि सगळ्यात जास्त घासला जाणारा भाग तुम्ही स्वतःहून सगळ्यात गडद करून ठेवता. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँच्या प्रिंटभोवती बारीक काळी रेघ दिसते ती वेगळ्या कारणाने आलेली आहे. निगेटिव्हच्या चौकटीबाहेरची कोरी फिल्म पारदर्शक असते, म्हणून ती काळी छापली जाते, आणि फोटो पूर्ण छापलाय याची ती खूण ठरते. डिजिटल फाइलला तशी रेघ काढणं म्हणजे नुसती नक्कल.

चौकट_काच

फ्रेमच्या बाजूने थोडं. पट्टीला आतून खाच असते, ती चारी बाजूंनी साधारण ५-६ मिमी कागद झाकते. बॉर्डरशिवायच्या प्रिंटचा तेवढा भाग गेलाच म्हणून समजा, आणि कोपऱ्यात सही असेल तर तीही. म्हणून ३-४ मिमीची नाजूक बॉर्डर सगळ्यात वाईट: फ्रेममध्ये एका बाजूला गायब होते आणि दुसऱ्या बाजूला चुकार रेघ म्हणून उरते. कटर एक मिमी सरकला तर ३ मिमीच्या बॉर्डरच्या जागी एकीकडे २ आणि समोर ४ दिसतात, दुप्पट फरक. २५ मिमीत तोच मिमी कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

ए-३ प्रिंटचा माउंट दोन तऱ्हांनी कापता येतो. बॉर्डर झाकायची असेल तर खिडकी फोटोपेक्षा प्रत्येक बाजूला ३ मिमी लहान, म्हणजे ३६३×२४०. बॉर्डर दाखवायची असेल (सही असेल तर दाखवाच) तर डावी, उजवी, वर ८ मिमी आणि खाली १४ मिमी कागद मोकळा सोडा, खिडकी ३८५×२६८. ही १६×२० इंची फ्रेममध्ये छान बसते, बाजूंना सुमारे ६१ आणि वर-खाली ६९ मिमी माउंट राहतो. गिऱ्हाइकाला ही मापं पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून द्या. नाहीतर फ्रेमवाला स्वतःच्या अंदाजाने सही झाकून मोकळा होतो.

माउंटचा पांढरा आणि कागदाचा पांढरा जुळवून घ्या. ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दाखवणारं रसायन) नसलेला कॉटन कागद किंचित पिवळसर असतो. त्याला लागून झगझगीत पांढरा माउंट आला की प्रिंट जुनाट दिसते. अशा वेळी ऑफ-व्हाइट, ॲसिड-फ्री बोर्ड. प्रिंट सनबोर्डला पूर्ण चिकटवू देऊ नका, आणि चारी बाजूंनी टेपही नको. पावसाळ्यात कागद दमट हवेने फुगतो, त्याला सरकायला जागा नसली की लाटा येतात. फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी ॲसिड-फ्री कागदी टेपचे बिजागर, बाकी सुटं. सेलोटेप कधीच नाही. आणि काच प्रिंटला टेकता कामा नये. लॅबच्या प्रिंटवरचं जिलेटिन दमट हवेत काचेला धरतं, मग सोडवताना फोटोच सोलला जातो. माउंटच्या दीडेक मिमी जाडीचं खरं काम हे अंतर ठेवायचं.

पेठेतला_स्टॉल

बॉर्डरबद्दल वाद नाही. नाव छापायचं का हा प्रश्न मात्र राहिलाय, आणि त्याला सरसकट ‘नको’ म्हणू नये, म्हणून लिहितोय. तुमचे १२×१८ आणि ए-३ हे दोन वेगळे माल आहेत. पाकिटातली प्रिंट पुष्कळदा भेट म्हणून घेतली जाते, आणि ज्याच्या घरी ती लागणार त्याला गड ओळखता येईलच असं नाही. तिथे छापलेलं नाव उपयोगाचं. कॉटनच्या महाग प्रिंटवर छापील नाव आलं की ती पोस्टर वाटायला लागते आणि किमतीबद्दल घासाघीस सुरू होते. तिथे नाव पेन्सिलने किंवा मागे.

छापायचं तर बॉर्डरमध्ये, फोटोच्या अंगावर नाही. फोटोच्या खालच्या कडेपासून ७-८ मिमी खाली, एकच ओळ, गडद राखाडी, ११-१२ पॉइंट. इंग्रजी ८ पॉइंटला चालून जातं, पण देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार बारीक होऊन मिटतात. सावली, चमक, सोनेरी अक्षरं हे लग्नपत्रिकेसाठी राहू द्या. ‘निसर्गाची किमया’ छाप शीर्षकही नको. जागा आणि फार तर ऋतू. छापण्याआधी नाव दोघांना दाखवा. राजगडाला सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती अशा तीन माच्या आहेत. फोटो एकीचा आणि खाली नाव दुसरीचं असेल तर पहिला ट्रेकर स्टॉलवरच सुनावेल, आणि छापलेलं खोडता येत नाही.

गडवाट

पटलं. मग १२×१८ चं काय करू? हिशेब शून्य येतोय. आणि लॅबला मराठी अक्षरं नीट जातील का?

शाईकागद

१२×१८ ला दोन मार्ग. फोटो १०×१५ ठेवा: वर-खाली १ इंच, बाजूंना दीड इंच. नाव छापणार असाल तर फोटो पाव इंच वर सरकवा, खाली सव्वा इंच मिळेल. किंवा १०×१५ भोवती सगळीकडे १ इंच ठेवून कागद १२×१७ ला कापून घ्या. फ्रेम बेतून करणाऱ्याला हे माप चालतं, तयार फ्रेम घेणाऱ्याला नाही. पाकिटातल्या मालासाठी मी पहिला घेईन.

लॅबला तीन गोष्टी लिहून द्या: ‘१०० टक्के मापात’, ‘क्रॉप नको’, ‘ऑटो करेक्शन बंद’. बॉर्डरलेस प्रिंट करताना फाइल थोडी मोठी केली जाते आणि जादा भाग कडेबाहेर जातो, तेवढी बॉर्डर कमी होते. ऑटो करेक्शन चालू राहिलं तर मशीन पांढरी बॉर्डरही फोटोचा भाग धरतं आणि फोटो गडद करू शकतं. फाइल एसआरजीबी, ८ बिट, जेपेग सर्वांत वरच्या क्वालिटीला. कॉम्प्रेशन वाढवलं की अक्षरांभोवती मुंग्या दिसतात.

मराठीसाठी, फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर, टाइप प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडा, मग पॅराग्राफ पॅनेलमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ लेआउट. हे केलं नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे जाऊन बसतो. फॉन्ट युनिकोडच घ्या. ‘तिरो देवनागरी मराठी’मध्ये ल आणि श आपल्या वळणाचे आहेत आणि तो फुकट मिळतो. लेयर असलेली फाइल कधी देऊ नका. लॅबच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की नावाचा चुराडा होतो. सपाट केलेली जेपेग द्या, प्रश्नच मिटतो.

नंबरी_प्रिंट

सहीचं राहिलं. छापचित्रांची रीत अशी: फोटोच्या खाली डावीकडे क्रमांक (३/२५, म्हणजे २५ पैकी तिसरी प्रत), मध्ये नाव, उजवीकडे सही. तिन्ही एकाच ओळीत, फोटोपासून ५-६ मिमीवर, म्हणजे वर सांगितलेल्या १४ मिमीच्या पट्टीत मावतात. कॉटन कागदावर एचबी किंवा २बी पेन्सिल, हात हलका. लॅबच्या चकचकीत कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे पिगमेंट शाईचं बारीक पेन, आणि पूर्ण वाळेपर्यंत वर काही ठेवू नका. बॉलपेन पुढून नको आणि मागून तर अजिबात नको, दाबाची रेघ फोटोवर उठते. मागे चिकट लेबल लावायचं असेल तर ते पाठीच्या बोर्डवर लावा, प्रिंटवर नाही.

२५ प्रतींची आवृत्ती जाहीर केली की २६वी प्रत काढायची नाही. ती २५ कोणत्या मापाची, की सगळ्या मापांची मिळून, हे पहिली प्रिंट विकण्याआधीच लिहून ठेवा. १२×१८ ला क्रमांक घालूच नका, ती खुली राहू द्या.

पाकिटं पीव्हीसीची घेऊ नका, कालांतराने प्रिंटला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची घ्या, आत कडक बोर्डाची पाठ हवी. पिगमेंट प्रिंट काढल्यावर किमान २४ तास उघड्यावर वाळू द्या. लगेच काचेमागे घातली तर शाईतलं द्रावक उडून काचेला आतून धूसर थर बसतो, आणि फ्रेम पुन्हा उघडावी लागते.