मदत हवी आहे: दाजींच्या अपघाताच्या केसवर आत्ताच पैसे देतो म्हणतात, घ्यावेत का? (उद्या संध्याकाळपर्यंत सांगा)

निफाडचा_पिंट्या
नमस्कार मंडळी. घाईत आहे म्हणून थोडक्यात. ट्रकच्या अपघातात दाजींचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्याचं बिल आणि ताईच्या बचत गटाचं कर्ज मिळून गळ्याशी आलंय. एक जण म्हणतो, केस आम्ही लढवतो, वकील आमचा, तुमचा खर्च शून्य. आत्ता ३ लाख हातात, निकाल लागला की ४० टक्के आमचे. हरलो तर रुपया मागणार नाही. अमेरिकेत सर्रास चालतं म्हणे. उद्या स्टँपवर सह्या आहेत. घ्यावेत की नाही एवढंच सांगा.

काळा_कोट
एवढंच कसं सांगू? अपघात कधी, कुठे? दाजी ट्रकमध्ये होते, दुसऱ्या गाडीवर होते की पायी? वय, कमाई? दावा दाखल केलाय का? एफआयआर कुणावर?

डॅलसकर
अमेरिकेत चालतं हे खरं आहे. प्री-सेटलमेंट फंडिंग म्हणतात, म्हणजे भरपाई मिळण्याआधीच तिच्यावर दिलेली उचल. माझ्या मित्राला ट्रकने ठोकलं तेव्हा त्याने घेतलं होतं. इथे राज्याबाहेर माल नेणाऱ्या ट्रकला किमान साडेसात लाख डॉलरचा विमा सक्तीचा असतो, त्यामुळे फंडिंगवाले मागे लागतात. केस हरली तर परतफेड नाही. पिंट्या, आधी ट्रकचा इलेक्ट्रॉनिक लॉग (ड्रायव्हर किती तास गाडी चालवत होता त्याची नोंद) मागवा, कंपनीला तो सहा महिनेच ठेवावा लागतो.

बांधावरचा
आपल्याकडच्या ट्रकला मागचा दिवा असला तरी पेढे वाटतो मी. लॉग कसला! मित्राच्या हातात शेवटी किती पडले ते सांगा.

डॅलसकर
उचल २० हजार डॉलर. महिन्याला ३ टक्के, तेही चक्रवाढ. अडीच वर्षांनी साडेअठ्ठेचाळीस हजार कापून घेतले. वकिलाचे ३३ टक्के वेगळे. पण तेव्हा त्याचं घर वाचलं, हेही खरं.

मोगरा७२
पिंट्या, पायाचं बघा आधी. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीत पाय मोफत बसवून देतात. आमच्या शेजाऱ्यांनी बसवला, सायकल चालवतात आता.

निफाडचा_पिंट्या
ताई, जखम भरली की पायाचं बघू. प्रश्न पैशाचा आहे.
दाजी ३४ वर्षांचे, टेम्पोवर ड्रायव्हर. टोमॅटो घेऊन वाशी मार्केटला निघाले होते. रात्री तीनला शहापूरच्या पुढे हायवेवर ट्रक उभा होता, त्याच्यावर मागून गेले. पगार १८ हजार, रोख. दावा अजून केलेला नाही, तो माणूस करणार आहे.

काळा_कोट
उभा ट्रक! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. पोलिसांनी गुन्हा दाजींवरच नोंदवला का?

निफाडचा_पिंट्या
हो. निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा. त्याने काय फरक पडतो? त्या ट्रकला ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना मागे झाडाची फांदी ठेवलेली.

बांधावरचा
मग केस संपली. मागून ठोकणाऱ्याची चूक, लहान पोराला विचारा. ३ लाख मिळतायत तर डोळे मिटून घ्या. हरलात तर बुडतील त्याचे.

काळा_कोट
बांधावरचे, मोटार अपघात न्यायाधिकरण (भरपाई ठरवणारं कोर्ट) नुसत्या एफआयआरवर चालत नाही. वाहन धोकादायक रीतीने उभं करू नये असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं. अशा केसमध्ये दोष दोघांत वाटला जातो. रात्रीचे फोटो, पंचनामा, ट्रकचा नंबर सांभाळा. आणि 'उभ्या गाडीचा कसला अपघात' असं कुणी म्हणालं तर सांगा: पुणे-बंगळूर हायवेवर पेट्रोलचा टँकर उलटून पडला होता, काही तासांनी स्फोट झाला, तरी तो वाहनाच्या वापरातून झालेला अपघातच, असं सुप्रीम कोर्टाने १९९१मध्ये मानलं.

बांधावरचा
टँकरची गोष्ट ऐकून बचत गटाचा हप्ता भरला जात नाही वकीलसाहेब. तुम्ही देता का ३ लाख?

काळा_कोट
मी देऊ शकत नाही, वकिलाला मनाई आहे. बार काउन्सिलच्या (वकिलांची नियामक संस्था) नियम २०प्रमाणे निकालावर फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा घेणंही चालत नाही. म्हणजे त्या ४० टक्क्यांत 'आमच्या वकिलाचा' हिस्सा असला तर तो वकीलच अडचणीत.

ऑर्डर_२५
अर्धंच सांगताय. वकील नसलेल्याने खटल्याला पैसे पुरवणं भारतात बेकायदा नाही. बार काउन्सिल विरुद्ध ए. के. बालाजी, हा सुप्रीम कोर्टाचा २०१८चा निकाल वाचा. महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २५मध्येच अशा त्रयस्थाची सोय आहे. माझ्या मते हे खुल्याने यायला हवं, गरिबाला दुसरं कोण पैसे देतं?

काळा_कोट
बेकायदा नाही, पण लुटारू अटी टिकत नाहीत, हे प्रिव्ही काउन्सिलने (इंग्रजांच्या काळचं सगळ्यात वरचं कोर्ट) १८७६मध्येच सांगितलंय. इथे मोठा फंड नाहीये, दवाखान्याच्या दारात भेटलेला माणूस आहे.

सुनंदा_पेन्शनर
तुमचं भांडण होऊ द्या. पिंट्या बाळा, ३२ वर्षं बँकेत कर्जखात्यावर काढली मी. तो तोंडाने काय बोलतो ते सोड. स्टँपवर काय लिहिलंय ते वाच आणि जसंच्या तसं इथे टाक.

निफाडचा_पिंट्या
मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. 'मी लिहून देणार, आपणाकडून घरगुती अडचणीसाठी रक्कम रुपये ७ लाख हातउसने रोख मिळाले...' केसचा उल्लेख नाही. सोबत सह्या केलेले दोन कोरे चेक. तो म्हणतो हे फक्त सिक्युरिटी म्हणून.

सुनंदा_पेन्शनर
झालं. हरलात तर मागणार नाही, हे कुठंय यात? देतो ३ आणि लिहून घेतो ७. उद्या चेक टाकला आणि वटला नाही की कलम १३८ची (चेक न वटल्याची) नोटीस दाजींच्या नावाने. हा सावकार आहे रे, परवाना बघ त्याचा. विनापरवाना असेल तर तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार होते. परवानाधारकालासुद्धा विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, शेतकऱ्याला तर १२.

डॅलसकर
हे फंडिंग नाही. आमच्याकडचे व्याज कापतात, पण 'हरलात तर परत नाही' हे कागदावर असतं. माझी आधीची पोस्ट सल्ला म्हणून धरू नका.

काळा_कोट
आता आकडा बघा, म्हणजे तो एवढा मागे का लागलाय ते कळेल. पगाराचा पुरावा नाही म्हणून महिना १२ हजारच धरू. वर्षाचे १,४४,०००, भविष्यातली वाढ ४० टक्के मिळून २,०१,६००, वय ३४ म्हणून गुणक (वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्याने गुणतात तो आकडा) १६. झाले ३२,२५,६००. ड्रायव्हरचा पाय गेला की त्याची कमाई पूर्ण गेली असा युक्तिवाद करता येतो. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतलं नुकसान वेगळं, हे सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार, २०१०मध्ये सांगितलंय. निम्मा दोष दाजींवर टाकला तरी १६,१२,८००. त्याचे ४० टक्के म्हणजे ६,४५,१२०. दवाखान्याचा खर्च आणि व्याज मी धरलेलं नाही.
शिवाय न्यायाधिकरण बरीचशी रक्कम मुदत ठेवीत ठेवायला लावतं. मग त्याचे ४० टक्के दाजी कुठून देणार? त्यासाठीच ते चेक.

बांधावरचा
बरं, माघार. पण आजची चूल कशी पेटायची ते कुणीच सांगेना.

लोकअदालत_प्रेमी
लोकअदालतीत ठेवा. एका दिवसात निकाल, अपील नाही.

काळा_कोट
दाव्याशिवाय लोकअदालतीत विमा कंपनी कशावर तडजोड करेल? पिंट्या, दोन रस्ते. ट्रकच्या विमा कंपनीवर नाशिकलाच दावा करता येतो, दाजी तिथले रहिवासी आहेत. किंवा दाजी नोकरीत होते म्हणून टेम्पोमालकावर कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली, तिथे चूक कुणाची हा मुद्दा फारसा येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७प्रमाणे दोन्ही नाही, एकच. ट्रकच्या विमा कंपनीने त्याच कायद्याच्या कलम १६४चे (चूक कुणाची ते न बघता मिळणारे ठरावीक) अडीच लाख पुढे केले तर लगेच सही करू नका, ते घेतले की कलम १६६चा मोठा दावा संपतो. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकील मोफत.
आणि पुन्हा विचारतो, अपघाताची तारीख?

निफाडचा_पिंट्या
पाच महिने आणि तीन आठवडे झाले.

काळा_कोट
अहो! कलम १६६(३)ची मुदत सहा महिन्यांची आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर एक दिवसही बसू नका. सोमवारी सकाळी एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, दाजींचं लायसन्स घेऊन निघा.

निफाडचा_पिंट्या
त्या माणसाला 'नको' म्हणून सांगितलं. ताई रडली, म्हणाली बचत गटाला काय सांगू. गटाच्या अध्यक्षांना भेटलो, दोन हप्ते थांबायला तयार आहेत. आता टेम्पोमालकाला फोन केला पॉलिसीची झेरॉक्स मागायला. तो म्हणतो, टेम्पोचा विमा संपला होता बहुतेक, रिन्यू करायचा राहिला.

सुनंदा_पेन्शनर
बहुतेक म्हणजे? वरची एक तारीख काढायला किती पोस्टी लागल्या बघ. पॉलिसी कोणत्या दिवशी संपली ते त्याच्याकडून आत्ताच लिहून घे, आणि ट्रकच्या पॉलिसीचंही पोलीस स्टेशनात विचार. मी जागी आहे.