पहिल्या प्रकाशकाचा होकार आला, बाकीच्या तिघांचं काय करू?

रानजाई:
दिवाळीनंतर ११ कथांचं बाड चार प्रकाशकांकडे पाठवलं. इतरांकडेही दिलंय, हे प्रत्येकाला पत्रातच लिहिलं होतं. परवा सोमवारी एकाचा फोन आला. कथा आवडल्यात, ५०० प्रतींची आवृत्ती काढू, १० टक्के रॉयल्टी, शुक्रवारपर्यंत करारावर सही करून पाठवा. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मला काही सुचत नव्हतं. सात वर्षं लिहिलंय हे.

संध्याकाळी करार आला. दोन पानं. चौथं कलम असं: 'सदर साहित्यकृतीचे सर्व प्रकारचे हक्क लेखक कायमस्वरूपी प्रकाशकाकडे हस्तांतरित करीत आहे.'

माझं मत असं, की पहिल्याकडे पंधरा दिवस मागावेत आणि उरलेल्या तिघांना होकाराचं कळवावं. घरचे म्हणतात, हातचं जाईल. तुम्हाला काय वाटतं?

खिळेजुळणी:
घरच्यांचं बरोबर आहे. बावीस वर्षं एका प्रकाशनात मुद्रितं (प्रूफं) तपासली, म्हणून लिहितो. नव्या लेखकाचा कथासंग्रह सावकाश खपतो. तरी हा माणूस कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ सगळ्यात स्वतःचे पैसे घालतोय. 'खर्च तुम्ही करा, पुस्तक आम्ही काढतो' असं ऐकून परतलेले किती तरी लेखक मी पाहिलेत. तुमच्याकडे कुणी पैसे मागितलेले नाहीत, याची किंमत ओळखा.

आमच्याकडे एका कादंबरीची दोन मुद्रितं झाली होती, चित्रकाराने मुखपृष्ठाची तीन कच्ची रेखाटनं दिली होती. मग लेखकाचं पत्र आलं, दुसरीकडे दिली. ती रेखाटनं कपाटात तशीच पडून राहिली. चौघांकडे एकदम पाठवणंच मला पटत नाही.

रानजाई:
त्या लेखकाने फसवलंच. पण माझ्या पुस्तकाचं अजून एक अक्षरही जुळवलेलं नाही, आणि मी कुणापासून काही लपवलेलं नाही. एकेकाकडे सहा-सहा महिने थांबायचं तर चौघांत दोन वर्षं जातात.

कलम एकोणीस:
वकिली करतो, म्हणून फक्त कराराबद्दल. स्वामित्वहक्क कायदा १९५७, कलम १९. हक्क द्यायचे तर ते लेखी हवेत आणि कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. मिळालेले हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरले नाहीत, तर ते परत लेखकाकडे येतात. मात्र करारात वेगळं लिहिलं असेल तर तेच चालतं. तुमच्या करारात 'कायमस्वरूपी' लिहिलंय, त्यामुळे पाच वर्षांचा आधार गेला.

छापील मराठी पुस्तकाचे हक्क द्या, मुदत घाला. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट यांचं वेगवेगळं ठरवा. कथेवर एकांकिका होते, सिनेमा होतो. ते दार आज फुकट लावून घेऊ नका.

माळावरचा:
मी अगदी हेच केलं होतं. पहिल्याकडे महिना मागितला, दुसऱ्या तिघांना कळवलं. तिघांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही, आणि महिन्याने पहिला म्हणाला, यंदाची यादी भरली. शेवटी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानातून पुस्तक आलं, तीन वर्षांनी. तोवर माझं लिहिणं इतकं बदललं होतं की हातातल्या कथा दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारख्या वाटल्या. त्या ताज्या असताना वाचकापुढे जायला हव्या होत्या. रानजाई, सही करा.

खिळेजुळणी:
वकीलसाहेबांचं मान्य. चौथं कलम बदलून मागा. नीट माणूस असेल तर रागावणार नाही, आणि त्यावरूनच रागावला तर तेही आधीच कळलेलं बरं. पण 'दुसरीकडून काय येतंय ते बघते' हे त्याच्या तोंडावर सांगणं मला अजूनही पटत नाही. भाव वाढवायला त्याचा होकार वापरल्यासारखं होतं.

रानजाई:
रॉयल्टीचा आकडा मी कुणालाच सांगितलेला नाही, सांगणारही नाही.

आज पहिल्याशी बोलले. चिडले नाहीत, पण आवाज जरा थंड झाला. २० तारखेपर्यंत थांबतो म्हणाले. मुदत पाच वर्षं करायला तयार आहेत. अनुवादाच्या उत्पन्नात मात्र निम्मा वाटा हवाय, त्यावर अजून अडलंय. तिघांना मेल गेली. एकाचं तासाभरात उत्तर आलं: बाड अजून उघडलेलं नाही, आता वाचायला घेतो. ज्यांची पुस्तकं वाचत मी लिहायला लागले, तेच हे प्रकाशक.

खिळेजुळणी:
आणि २० तारखेला त्यांनी आणखी आठ दिवस मागितले तर?

रानजाई:
देणार नाही. तेवढं पहिल्याला सांगून ठेवलंय.