पकड गेली, ताबा सुटला, गाडी लागली : सिम रेसिंगच्या तक्रारीत नेमकं काय लिहायचं?

वळणवेडा

आमची मराठी मंडळींची सिम रेसिंगची, म्हणजे घरबसल्या संगणकावर गाड्यांच्या शर्यती लावण्याची, एक छोटी ऑनलाइन लीग आहे. खेळ असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने, गाड्या जीटी३ (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्या), शर्यत रविवारी रात्री. पुणे-नाशिक-कोल्हापूरची पोरं आहेत, काही जण जर्मनीतून बसतात. यंदा पंचगिरी माझ्या गळ्यात पडली. शर्यत संपली की ज्याला तक्रार करायची त्यानं चार ओळी लिहायच्या आणि रिप्लेमधली वेळ द्यायची, एवढाच नियम. त्या चार ओळींनीच डोकं उठवलंय.

इटलीतल्या मोन्झा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) झालेल्या एकाच धडकेबद्दल हे तीन अर्ज आले:

‘ब्रेक मारला पण पकड गेली, ताबा सुटला आणि गाडी लागली.’
‘यानं आतून घातली आणि ठोकली.’
‘त्याच्या पुढच्यानं कट मारला म्हणून सगळं झालं.’

रिप्लेत दिसतं ते असं. पहिलाच लॅप, टायर पुरते तापलेले नाहीत, हवेचा दाबही अजून वर आलेला नाही. पठ्ठ्यानं पाचव्या लॅपला जिथं ब्रेक मारायचा तिथंच पहिल्या लॅपलाही मारला. एबीएस असल्यामुळे चाकं जाम झाली नाहीत, पण गाडी थांबायला जागा जास्त लागली, तोंड वळेना, आणि पुढच्याच्या दारात.

नियमावली मराठीत लिहायला घेतली आहे. तेव्हा प्रश्न असे: टायर रस्त्याला धरून राहतो त्या ग्रिपला ‘पकड’ बरोबर आहे का? ‘ताबा’ आणि ‘पकड’ यांत फरक कसा मांडायचा? आणि ‘कट मारला’चं काय करायचं?

चकोट टायर

ग्रिप म्हणा आणि मोकळे व्हा. गॅरेजात ‘पकड दे’ म्हणालात तर पोरगं पक्कड आणून देईल.

घाटमाथा

चकोट, हसलो. पण ‘पकड’ वाईट नाही. कुस्तीत आहे, कबड्डीत आहे, ‘विषयावर पकड’ आहे. अडचण एकच. कबड्डीतली पकड कोणीतरी जोर लावून *करतो*. टायर काही करत नाही. त्याच्यापाशी जेवढी आहे तेवढी असते, खर्च आपण करतो.

म्हणून माझा आक्षेप नामाला नाही, क्रियापदाला आहे. ‘पकड गेली’ म्हणजे काय? कुठे गेली? तेलावर किंवा पाण्यावर चाक गेलं तर ‘गेली’ म्हणा, कबूल. कोरड्या मोन्झाला पकड कुठेही जात नाही. तुम्ही जास्त मागितली आणि ती पुरली नाही. टायरची पकड ब्रेक आणि वळण यांच्यात वाटून घ्यावी लागते. सगळी ब्रेकला दिली तर वळायला काय उरणार? म्हणून तर जाणकार ब्रेक सोडत सोडत स्टेअरिंग वाढवतात, एकाकडची दुसऱ्याकडे देत जातात. ‘पुरली’, ‘उरली’, ‘संपली’ ही क्रियापदं वापरली की अर्ज लिहिताना माणसाला आपोआप कळतं, मागणारा कोण होता ते.

शुद्धलेखक

शास्त्रीय परिभाषेत घर्षण, घर्षणांक, कर्षण हे शब्द आहेतच. नियमावलीत तेच असावेत असं माझं मत. बोलीभाषेतल्या शब्दांना नेमकेपणा नसतो.

पाठीमागचा डिफ्युझर

शुद्धलेखक, मान राखून म्हणतो, इथं नेमकी उलटी गत आहे. शाळेतल्या घर्षणाच्या धड्यात वजन दुप्पट झालं की घर्षण दुप्पट होतं आणि टेकलेल्या भागाच्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो. रबरी टायर हे दोन्ही मानत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणून तर वळणात बाहेरच्या दोन चाकांवर सगळं वजन गेलं की चारही चाकांची मिळून पकड घटते, आणि म्हणून अँटीरोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारी दांडी) कडक-मऊ करण्यात माणसं रात्री घालवतात. ‘घर्षणांक’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात एक ठरलेला आकडा येतो. टायरला तसा आकडा नाही. भार, तापमान, हवा, झीज, सगळ्यांबरोबर तो हलतो.

‘कर्षण’ मी फक्त गाडीला पुढे ढकलणाऱ्या जोरासाठी ठेवीन, म्हणजे वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरचा. तेही कोणी म्हणणार नाही. सगळे ‘ट्रॅक्शन’च म्हणतात.

आता जरा सविस्तर, कारण खरी मजा इथं आहे. टायर ‘धरतो’ किंवा ‘सोडतो’ असं आपण दोन खणांत बोलतो. प्रत्यक्षात मध्ये बराच मोठा पट्टा आहे. वळताना चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि चाक जातं थोड्या वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. तो शून्य असेल तर टायर बाजूला जोरच देत नाही! म्हणजे थोडं सरकल्याशिवाय पकडच नाही. कोन वाढेल तशी पकड वाढते, रेसिंग स्लिकला (बिनखाचांच्या टायरला) साधारण सहा-आठ अंशांच्या आसपास ती कळसाला पोचते, आणि पुढे उतरते. रस्त्यावरच्या टायरचा उतार सौम्य असतो, स्लिकचा तुलनेनं तीव्र. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या हान्स पाचेका यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८७ साली या वक्राचं सूत्र मांडलं, ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणून ते ओळखलं जातं. बऱ्याच सिम्युलेटरांच्या टायरमागे ते किंवा त्याचे भाऊबंद असतात.

या पट्ट्यासाठी मराठीत शिडी तयार आहे, बघा:

सरकणे : कळसाच्या अलीकडे. चांगलं आहे, हवंच आहे.
घसरणे : कळस ओलांडला, पण सावरता येईल.
सटकणे : एका झटक्यात गेलं. इंग्रजीत ज्याला स्नॅप म्हणतात ते हेच.
गिरकी : गाडी फिरली, आता तोंड मागच्या गाड्यांकडे. ब्रेक दाबून धरा आणि देवाचं नाव घ्या.

चकोट टायर

‘सटकली’ एक नंबर. माझं डोकंही त्याच वेळी सटकतं.

राईनकाठी

स्लिप अँगलला ‘सरककोन’ चालेल का?

शुद्धलेखक

‘सरणकोन’ अधिक प्रमाण.

चकोट टायर

सरण?! रविवारी रात्री बायकोसमोर हेडसेट लावून ‘माझं सरण वाढलं’ म्हणू का?

वळणवेडा

स्लिप अँगल तसाच राहू द्या, तक्रारीत तो येतच नाही. शिडी मात्र घेतली. आता ‘ताबा’?

घाटमाथा

ताबा चालकाचा, पकड टायरची. दोन्ही एकमेकांवाचून असू शकतात, आणि इथंच तुमच्या पहिल्या अर्जाची गडबड आहे.

पकड संपली तरी ताबा असतो: मागचं सुटलं, त्यानं वेळेत उलट स्टेअरिंग दिलं, ब्रेकवरून पाय हळू काढला, गाडी परत रेषेत. घसरली, पण त्याच्या हातात होती. उलट, पकड भरपूर आहे आणि ताबा नाही, असंही होतं. दोन चाकं गवतावर गेली, घाबरून स्टेअरिंग एकदम आत वळवलं. पुढची चाकं डांबरावर येताच त्यांना भरपूर पकड मिळाली आणि गाडी थेट ट्रॅकच्या दुसऱ्या बाजूला. रिप्लेत असे अपघात सगळ्यात भयानक दिसतात, आणि ते पकड *असल्यामुळे* होतात.

वर्तमानपत्रातला ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हा वाक्प्रचार डोक्यात इतका बसलाय की तो कारण वाटतो. ते कारण नाही, परिणाम आहे. ताबा का सुटला ते लिहा: ब्रेक उशिरा मारला, की वळणात एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर) चढला.

पाठीमागचा डिफ्युझर

मराठीचा एक फायदा इथं सांगून ठेवतो. घसरणे आणि घसरवणे. पहिलं झालं, दुसरं केलं. ड्रिफ्टिंगवाला गाडी घसरवतो. एका अक्षरात पंचाचं निम्मं काम झालं.

राईनकाठी

‘स्टेअरिंग हलकं झालं’ हेही अर्जात येतं. त्याबद्दल कोणी बोलेल का? मला डायरेक्ट ड्राइव्ह व्हील (थेट मोटरवर बसवलेलं, हाताला जोर देणारं स्टेअरिंग) घेतल्यापासून ते जास्तच जाणवतंय.

पाठीमागचा डिफ्युझर

चांगला विषय. ‘हलकं’ आपण निदान दोन अर्थांनी वापरतो.

स्टेअरिंग हलकं: वळणात टायर स्टेअरिंगला सरळ करू बघत असतो, तो जोर हातात लागतो. गंमत अशी की हा जोर पकडीच्या कळसाच्या आधीच कमी व्हायला लागतो. म्हणजे हातातलं वजन उतरतंय आणि पकड अजून थोडी बाकी आहे, ही सूचना आहे, निकाल नव्हे. खऱ्या गाडीत बुडाखालीही कळतं. घरच्या खुर्चीत फक्त हात शिल्लक राहतात, बाकी डोळे आणि टायरचा आवाज. नवखा इथं उलटं करतो. हलकं लागलं म्हणून आणखी वळवतो, कोन कळसापलीकडे जातो आणि तोंड आणखीच सरळ पळतं.

मागचं हलकं: ब्रेक मारला, वजन पुढे गेलं, मागच्या चाकांवरचा भार कमी झाला. त्यात स्टेअरिंग वळलेलं असेल तर बूड फिरतं.

अर्जात ‘हलकं झालं’ एवढंच लिहिलं तर दोन विरुद्ध घटनांपैकी कोणती ते समजत नाही. स्टेअरिंग की मागचं, ते सांगा. (‘हलका टायर’ म्हणजे दुकानदाराच्या भाषेत स्वस्तातला, तो तिसरा अर्थ जीटी३मध्ये नको. सगळ्यांना एकच टायर.)

शुद्धलेखक

मग अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर यांना ‘न्यूनवलन’ व ‘अतिवलन’?

चकोट टायर

साहेब, ‘तोंड वळेना’ आणि ‘बूड ऐकेना’. नियमावली पूर्ण.

शुद्धलेखक

‘बूड’ हा शब्द नियमावलीत असू नये एवढीच विनंती. ‘मागची बाजू’ लिहावे. बाकी ‘तोंड वळेना’ला माझी हरकत नाही, उलट आवडले.

सह्यभटक्या

मी सिम रेसिंग करत नाही, ट्रेकिंग करतो, धागा मजेचा वाटला म्हणून. तुम्ही रेसिंगवाले म्हणता ना, सगळे जातात त्या रेषेबाहेर टायरचा चुरा साठतो आणि त्यावर गाडी घसरते, त्याला आमच्याकडचा ‘घसारा’ शोभेल. उतारावर मुरूम-माती सुटी झाली की पाय ठरत नाही, तो घसारा.

वळणवेडा

भटक्या, हा थेट उचलतोय. ‘बाहेरून घेतली, घसाऱ्यावर गेली.’ हिशेबनीसांनी गैरसमज करून घेऊ नये. ज्या रेषेवर सगळे जातात तिथं ‘रबर बसलं’ असं आम्ही म्हणतोच, आणि शुक्रवारच्या रिकाम्या सरावाला ‘कोरा ट्रॅक’.

‘कट मारला’ राहिलं.

घाटमाथा

बाद करा. रस्त्यावर ‘कट मारला’ म्हणजे अंगावरून आडवा गेला. ट्रॅकवर ‘कट’ म्हणजे आतल्या कर्बपलीकडून वळण कापलं, ट्रॅकची हद्द सोडली. एक गुन्हा दुसऱ्या गाडीविरुद्ध, दुसरा घड्याळाविरुद्ध. मोन्झाच्या शिकेनला तर दोन्ही एकाच जागी होतात. ‘आडवा आला’ आणि ‘वळण कापलं’ असे दोन वेगळे लिहा.

‘आतून घातली’ ठेवा. ‘घातली’त हेतू स्पष्ट आहे.

चकोट टायर

आणि ‘लागली’? माझं निरीक्षण: ज्याची लागते तो ठोकणारा असतो. ज्याला ठोकलेलं असतं तो कधीच ‘लागली’ म्हणत नाही.

घाटमाथा

खरंय. ‘लागली’त कर्ता गायब. आयरेसिंग या दुसऱ्या सिममध्ये निदान हा वादच येत नाही: चाकं बाहेर गेली की एक, गिरकी घेतली की दोन, जोरात धडक की चार असे दंडाचे गुण चढतात, धडकेचे तर दोघांच्याही नावावर, दोष कोणाचा हे यंत्र विचारत नाही. सेफ्टी रेटिंग (किती जपून चालवता त्याचा आकडा) घसरतं आणि माणूस मुकाट्यानं लवकर ब्रेक मारायला शिकतो. पंच ठेवलात की व्याकरण आलं.

राईनकाठी

‘लागली’ सरसकट बाद करू नका. एक जागा तिची हक्काची आहे.

आपल्यातले काही पुण्याहून, काही इथून, सर्व्हर युरोपात. पुण्याचं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, शंभर मिलिसेकंदांच्या पुढेच असतं. ताशी अडीचशे किलोमीटरला गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात जवळजवळ सात मीटर जाते, म्हणजे दीड गाडी. मधल्या वेळात तुमच्या पडद्यावर माझी गाडी कुठे असेल याचा खेळ अंदाज बांधतो. सरळ रस्त्यावर अंदाज बरोबर येतो. मी ब्रेक मारला की पुढचा क्षणभर तो चुकतो, आणि तुमच्या पडद्यावर गाड्या एकमेकींना टेकतात, माझ्या पडद्यावर मध्ये हातभर जागा असते. तिथं कोणी ठोकली नाही, कोणी घातली नाही. तिथं ‘लागली’ हेच बरोबर.

वळणवेडा

हे मान्य. मग कलम असं करतोय: ‘ “गाडी लागली” असे लिहिणाऱ्याने दोन्ही चालकांच्या पडद्यांवरचे रिप्ले जोडावेत. दोन्हींत धडक दिसत असल्यास कर्ता लिहून अर्ज पुन्हा द्यावा.’

मोन्झाच्या पठ्ठ्याला पाच सेकंदांचा दंड. दोन्ही रिप्लेत दारातच आहे.

चकोट टायर

पाचच? दार माझं होतं.