अनुभव धागा : जोडीदाराची पाठ, ऑपरेशन आणि आपण

सुईदोरा

दिवाळीच्या आवराआवरीसाठी काल माळा काढला. जुन्या चादरींखाली कमरेचा पट्टा सापडला, करडा, वेल्क्रोत अजून केस अडकलेले. हातात घेतला आणि तिथेच खाली बसले. नवऱ्याला दाखवला नाही, परत ठेवून दिला. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहितेय.

२०१९ चा मे. पाण्याने भरलेला कूलर तो एकटाच सरकवायला गेला आणि जागच्या जागी वाकलेला राहिला. दोन दिवस शेक, मलम, गोळ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, रात्रीपासून लघवीला झालं नाही, आणि बसलं की खाली काही लागतच नाही, बधिर वाटतंय. मला वाटलं पाणी कमी पितोय. तांब्याभर ताक करून दिलं. त्या तांब्याचं मला अजून वाईट वाटतं. दुपारी गोळ्या बदलून घ्याव्यात म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी दुखणं विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "लघवी होतेय ना?" मी नाही म्हटल्यावर म्हणाले, आत्ताच्या आत्ता हलवा, संध्याकाळची वाट बघू नका.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. वरच्या मजल्यावरची दोन मुलं धावत आली. आठवडाभरापूर्वी मी त्यांच्याशी गाण्यांच्या आवाजावरून भांडले होते. त्यांनी स्ट्रेचर खांद्यावर घेऊन कठड्यावरून काढलं. रात्री एमआरआय, पहाटे ऑपरेशन. सर्जननी कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं : मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका असतो, एल-४ एल-५, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुटून त्याच्यावर बसलीय. याला कॉडा इक्विना म्हणतात, इथे तास मोजायचे असतात, उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, २३ दिवस होता. पण मला जड गेलं ते वेगळंच. पुसायला गेले की तो तोंड भिंतीकडे करायचा. "तू नको, मावशींना बोलव." चौदा वर्षांच्या संसारात असं कधी म्हणाला नव्हता. मी वॉशिंग मशीन लावून गॅलरीत रडायचे, आवाज आत जाऊ नये म्हणून. कॅथेटर काढल्यावर पहिल्यांदा स्वतःहून झाली तेव्हा बाथरूममधून ओरडला, "अगं, झाली!" सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

तुमच्यापैकी कोण या फेऱ्यातून गेलंय? लिहा, मोठं छोटं कसंही.

एसटीचा थांबा

ताई, वाचून गलबललो. माझ्या बाबतीत उलट, बायको पडली. ओल्या बाथरूममध्ये, २०२२ च्या गौरीच्या आदल्या दिवशी. एल-५ एस-१, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी. आधी सहा आठवडे गोळ्या आणि आराम सांगितला होता, बऱ्याच जणांचं त्यातच बरं होतं म्हणाले, पण तिची कळ नितंबापासून करंगळीपर्यंत उतरायची, झोप नव्हती. शेवटी दुर्बिणीखालचं ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी उभी केली.

मला सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर वेणी. तिचे केस कमरेपर्यंत. तिला वाकता येईना, हात मागे नेता येईना. यूट्यूबवर बघून शिकलो. पहिल्या आठवड्यात तिने आरशात बघितलं आणि काही न बोलता सोडून टाकली. आता रविवारी मीच घालतो, गरज नाही तरी. बस आली, नंतर लिहितो.

घाईत

एसटीदादा वेणीचं वाचून डोळे भरले

कोकमआगळ

आमचं देवगडकडचं. आंबा उतरवताना हे झाडावरून पडले, साधारण पंधरा फुटांवरून. हातात झेला, आंबे काढायची जाळीची काठी, तशीच. गड्यांनी उचलून बसवायला घेतलं तेव्हा माझा भाऊ ओरडला म्हणून वाचलो. दार काढलं बिजागऱ्यांतून आणि त्याच्यावर आडवं ठेवून नेलं. एल-१ मणका फुटलेला. कोल्हापूरला न्या म्हणाले. करूळ घाटात प्रत्येक वळणाला हे माझा हात दाबायचे, तोंडातून शब्द नाही. मी मोजत होते वळणं. गगनबावडा आला तेव्हा म्हणाले, "पाय आहेत ना गो माझे?" मी चादर उचलून दाखवले. त्यांना जाणवत नव्हते ना.

पैशाचं मोठं टेन्शन. पण हॉस्पिटलात महात्मा फुले योजनेची खिडकी होती, तिथल्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड, आधार मागितलं आणि अर्ध्या दिवसात कागद लावले. ज्यांना माहीत नाही त्यांनी आधी ती खिडकी शोधा, नंतर दागिन्यांचा विचार करा. मी बांगड्या काढून पिशवीत ठेवल्याही होत्या. स्क्रू आणि सळ्या घातल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीचा पण गजर. माझी जाऊ आणि मी पाळी लावून घेतली होती. पाठीला एक जखम होऊ दिली नाही आम्ही.

आणि तो राहिलेला आंबा शेजारच्या वाडीतल्या माणसांनी उतरवून दिला, पेट्या भरून पाठवल्या, मजुरी घेतली नाही. हे आता काठी घेऊन चालतात. बागेत जातात, झाडाखाली उभे राहून सांगतात कुठला काढायचा तो.

उंबरठा

दार काढून नेलं हे फार बरोबर केलंत. माझी बहीण फिजिओ आहे, ती कायम सांगते की पाठ-मानेवर पडलेल्या माणसाला बसवायचं नाही, उभं तर नाहीच. सपाट फळीवर, तीनचार जणांनी एकदम उचलायचं. आणि नंतर घरी कुशीवर वळवताना ओंडक्यासारखं, खांदे आणि कंबर एकाच वेळी. नुसते खांदे ओढले की पीळ बसतो. सुईदोराताईंनी लिहिलेली लक्षणं पण लक्षात ठेवा, लघवी अडणं, बसायच्या जागेला बधिरपणा, दोन्ही पायांत एकदम कमजोरी. त्यात घरगुती उपाय करत बसू नका.

तिसरी शिट्टी

आम्ही बसलो होतो. नवऱ्याला आधी मणका "बसवून" देणाऱ्याकडे नेलं, सासऱ्यांचा विश्वास होता. पाय देऊन दाबलं त्याने. त्या रात्रीपासून पाऊल लुळं. ऑपरेशन झालं, पण पाऊल पूर्ण आलं नाही, बुटात पट्टी घालतो. सासरे अजून त्या विषयावर बोलत नाहीत. मीही बोलत नाही. पण इथे लिहिते, कुणाचा तरी एक दिवस वाचेल.

कुकर लागलाय, जाते.

सुईदोरा

तिसरी शिट्टी, तुम्ही नेलं ते बरं व्हावं म्हणूनच ना. स्वतःला लावून घेऊ नका. मी पण ताक दिलंच होतं.

डोंबिवलीकर

विषयाला थोडं सोडून, आमच्याकडे कमोडची खुर्ची पडून आहे, चाकांची. आईच्या वेळी घेतलेली. कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. सोबत वॉकर पण आहे पण त्याचं एक रबर गेलंय.

घाईत

मला हवी आहे काकांसाठी!! पूर्वेला का पश्चिमेला

बर्फाळ वाट

न्यू जर्सीहून. नवऱ्याची पाठ बर्फ उपसताना गेली, ओला बर्फ, फावडं भरून वळला आणि संपलं. इथे सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी पाठवलं. मला धक्काच बसला, माझ्या वडिलांना पुण्यात पाच दिवस ठेवलं होतं. हातात कागद : दुधाच्या गॅलनपेक्षा, म्हणजे इथल्या पावणेचार लिटरच्या कॅनपेक्षा, जड काही उचलायचं नाही. आमचं बाळ गॅलनच्या दुप्पट होतं. ते हात पसरून त्याच्याकडे जायचं आणि त्याला घेता यायचं नाही. मग मी बाळाला त्याच्या पोटावर आडवं ठेवायचे, दहा मिनिटं, दोघंही शांत. मराठी मंडळातल्या बायकांनी तीन आठवडे डबे वाटून घेतले. गुरुवारी ज्यांची पाळी असायची त्या काकू भाकरी आणायच्या, इथे, जानेवारीत. कोकमआगळ, तुमच्या पेट्यांचं वाचून त्या काकूंना आत्ताच फोन केला.

पायरी

हा धागा मी आत्ता ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून वाचतेय. नवऱ्याला दीड तास झाला आत नेऊन. पायातली चप्पल निसटून जायची आणि त्याला कळायचंच नाही, तिथून सुरू झालं. सही करताना माझा हात कापत होता. त्याचं घड्याळ आणि अंगठी माझ्या रुमालात बांधलीय. बोला काहीतरी कुणीतरी.

एसटीचा थांबा

आहोत आम्ही. जेवलात का काही? नसेल तर कँटीनमध्ये निदान चहा-बिस्कीट घ्या, नाव पुकारतील तेव्हा ऐकू येईल अशा जागी बसून. आमचं सव्वादोन तास चाललं होतं. वेळ लागला म्हणजे वाईट असं नसतं.

कोकमआगळ

रुमाल घट्ट धर गो. शुद्धीवर आल्यावर चिडचिड करतील, मनावर घेऊ नको. ती भुलीची आणि भीतीची असते.

उंबरठा

पहिल्या दिवशी त्यांना स्वतःहून वळू देऊ नका, सिस्टरला बोलवा. आणि आज रात्री थांबायला दुसरं कुणी असेल तर थांबू दे, पुढचे दिवस तुमचे आहेत.

डोंबिवलीकर

घाईत, पूर्वेला. उद्या अकरापर्यंत घरी आहे.

सुईदोरा

पायरी, काय झालं गं?

पायरी

बाहेर आणला. डॉक्टरांनी माझ्यासमोर पायाचा अंगठा वर करायला सांगितला. थोडासा केला त्याने. थोडासाच. मला ओळखलं, चप्पल कुठे ठेवलीस विचारलं. बाकी उद्या लिहिते, सासूबाईंना फोन करायचाय.

घाईत

पायरी 🙏🙏 देव पावला

डोंबिवलीकर, मी साडेदहाला येते, रिक्षात मावेल ना खुर्ची? वॉकर पण द्या, रबर आमच्या इथे मिळतं.