मदत हवी आहे: चढावर सायकलची चेन सटकते, काय बदलू? (अर्जंट)

भाट्येपार
नमस्कार मंडळी. फणसोपवरून रत्नागिरीत रोज सायकलने कामाला जातो. गेल्या काही दिवसांपासून चढावर जोर लावला की चेन सटकते, खटाक आवाज येतो आणि पायडल एकदम हलकं होऊन पाय खाली जातो. सपाटीला काहीच त्रास नाही. काल भाट्याच्या चढावर उभं राहून मारत होतो तर गुडघा हँडलवर आपटला आणि मागे एसटी, ड्रायव्हर जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. दुकानात दाखवली तर म्हणतो सगळं ओके आहे, त्याने आपली दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर फिरवून बघितली. सोमवारपासून पहाटेची शिफ्ट आहे, त्या वेळेला बस नाही. नक्की काय बदलायचं तेवढं सांगा, सायकल बदल हा सल्ला नको.

सडेकर
कुठली सायकल? गिअरची की साधी? चेन सटकते म्हणजे उतरून खाली पडते की जागेवरच उडी मारते? फोटो टाका.

भाट्येपार
नेहमीची सायकल आहे हो. चेन पडत नाही, जागेवरच उडी मारते. या पावसात फोटो कुठे काढत बसू.

सडेकर
आमच्या आजोबांची २२ इंची पण नेहमीचीच होती. मागे एक चक्र आहे की सात?

भाट्येपार
मागे सात, पुढे तीन.

गुहागरवाले काका
चेनला खोबरेल तेल लावा. आम्ही कायम तेच लावत आलो, गंज नाही, आवाज नाही, वास पण चांगला. बाजारातली महागडी स्प्रे घेऊ नका.

पानापक्कड
काका, खोबरेल थंडीत गोठतं.

गुहागरवाले काका
२४ डिग्रीच्या खाली गोठतं. सध्या काय थंडी आहे का इकडे? अंगातून धारा लागल्यात.

पानापक्कड
बरं, पावसात धुऊन तर जातंच की. असो. भाट्येपार, तुमचा प्रॉब्लेम केबलचा आहे, शंभर टक्के. गिअरची केबल खालून, पायडलच्या धुरीखालून मागे जाते, तिथे आपला लाल चिखल साठतो, त्यात खारा वारा, आउटरच्या (केबलवरच्या नळीच्या) आत गंज धरतो आणि केबल अडकत अडकत सरकते. मग चेन धड या चक्रावर नाही धड त्या चक्रावर, जोर पडला की उडी. मागच्या डिरेलरला (चेन या चक्रावरून त्या चक्रावर नेणारा भाग) केबल जिथे शिरते तिथे एक छोटा गोल स्क्रू असतो, हाताने फिरतो, तो घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा, केबल ताणली जाईल. नाही जमलं तर केबल आणि आउटर दोन्ही बदला, फक्त केबल बदलून पैसे फुकट घालवू नका.

बॅटरीभाई
मी सांगू का, कोकणातल्या चढांना मानवी पाय बनवलेलेच नाहीत. मागच्या चाकाला हबमोटरचं किट लावून घ्या. २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन नाही, लायसन नाही. मी लावलंय, चढ आला की थ्रॉटल, घाम नाही काही नाही.

सडेकर
त्याची चेन सटकते आहे आणि तुम्ही त्याला मोटर विकताय.

बॅटरीभाई
विकत नाहीये, अनुभव सांगतोय. मोटर असली की चेनवर जोरच येत नाही.

दापोलीची
भाट्येपार दादा, चेन कधी बदलली होती शेवटची?

भाट्येपार
चेनचा प्रश्नच नाही ताई, नवीकोरी आहे. याच महिन्यात टाकली, जुनी गंजून लाल झाली होती. स्क्रू फिरवून बघितला, फरक शून्य.

दापोलीची
म्हणजे सटकायला लागली ती नवी चेन टाकल्यावर. हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

भाट्येपार
नवीन आहे म्हणजे चांगलीच असणार, म्हणून नाही लिहिलं. ज्याला प्रॉब्लेम नाही ते कशाला सांगू?

दापोलीची
नवी चेन आणि जुनं फ्रीव्हील (मागच्या सात चक्रांचा गड्डा), यांचं जमत नाही. चेन लांबते म्हणतात पण लोखंड काही ताणलं जात नाही, आतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई येते. जांभ्याची लाल धूळ तेलात मिसळली की तेच पॉलिश पेपरचं काम करते, म्हणून आपल्याकडे हे लवकर होतं. चेन लांबली की ती चक्राचे दाते पण आपल्या मापाने खात जाते. दोघं मिळून झिजतात म्हणून आवाज न करता चालत राहतात. नवी चेन मात्र बरोबर मापाची असते, ती त्या खाल्लेल्या दात्यांत बसत नाही, जोर पडला की दात्यावर चढून पुढे उडी मारते. सपाटीला जोर कमी म्हणून कळत नाही, आणि दुकानवाल्याला म्हणूनच कळलं नाही.

पुढच्या वेळी चेन वेळेत बदला. फुटपट्टीवर एका पिनेच्या मध्यापासून मोजा, बारा पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) बरोबर १२ इंच यायला हव्यात. अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरली की फक्त चेन बदला, एक सूत भरली की फ्रीव्हीलसकट.

पानापक्कड
ताईंचं पुस्तकी ज्ञान बरोबर आहे पण किनाऱ्यावर दहातल्या नऊ सायकलींना केबलचाच आजार असतो, मी रोज बघतो.

दापोलीची
पुस्तकी नाही हो, दापोली ते हर्णै शाळेत सायकलने जाते-येते, सगळं हातानेच करते. आणि वाद कशाला, तपासून बघता येतं. केबलचा दोष असेल तर चेन कड कड करत शेजारच्या चक्रावर जायला बघते, सपाटीला सुद्धा. दाते झिजले असतील तर चेन त्याच चक्रावर राहून उडी मारते, फक्त जोर लावल्यावर, आणि फक्त रोजच्या वापरातल्या चक्रांवर. दादा, कुठल्या नंबरवर सटकते?

भाट्येपार
तीन आणि चार. मी बहुतेक वेळ त्यातच असतो. एकवर टाकलं की नुसते पाय फिरतात, सायकल जागेवरच, म्हणून वापरत नाही. आता मुद्दाम एकवर टाकून अंगणातल्या घाटीवर चढवली, नाही सटकली. सातवर पण नाही.

दापोलीची
झालं तर मग. फ्रीव्हील.

पानापक्कड
ठीक आहे, फ्रीव्हील असेल. पण केबल पण बदलाच.

वेंगुर्लेकर
अरे मेल्या, जुनी चेन खंय टाकलंस? तीच परत घाल! जुन्या फ्रीव्हीलाक जुनीच चेन बरी. माझी तशीच अख्खो पावसाळो चल्ली. तुका सोमवारची घाई आसा ना?

भाट्येपार
जुनी दुकानातच राहिली, त्याने भंगारात टाकली असणार.

सडेकर
मग सोमवारी पुढे मधलं चक्र, मागे एक किंवा दोन, बसूनच चढा, उभं राहू नका. हळू जाल पण गुडघा शाबूत राहील. पाय नुसते फिरतात म्हणता ना, फिरू द्या, त्यासाठीच ते असतं.

चिपळूणचा एक
विषयाला सोडून आहे, माफ करा. २०२१ च्या जुलैच्या पुरात माझी सायकल दोन दिवस पाण्याखाली होती. धुऊन, ग्रीस भरून, छर्रे बदलून चालू केली, अजून चालते. पण सीटचा दांडा तेव्हापासून जाम आहे, वर नाही खाली नाही. आता मुलगा उंच झाला, त्याला द्यायची आहे. काही उपाय?

सडेकर
बऱ्याच ठिकाणी असंच झालं. सायकल स्टीलची आणि दांडा ॲल्युमिनियमचा आहे का?

गुहागरवाले काका
खोबरेल सोडा.

राजापूरकर
पावसात रेनकोट कुठला घालता तुम्ही लोक? सूट घातला की आतून घामाने तेवढाच भिजतो मी, मग रेनकोट कशाला घालायचा.

बॅटरीभाई
मोटर लावली की घाम येत नाही.

राजापूरकर
आणि मोटरच्या जोडण्यांत पाणी जातं ते?

बॅटरीभाई
वॉटरप्रूफ कनेक्टर असतात. एकदा बदलावे लागले, तेवढं चालायचंच.

सडेकर
रेनकोटचा वेगळा धागा काढा. माझ्यापुरतं सांगतो, मी भिजतो. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती सॅकमध्ये, ऑफिसला पोचून बदलतो. छत्री धरून सायकल मारणारे महाभाग पण बघितलेत, त्यांनी कृपया उत्तर देऊ नये.

भाट्येपार
अहो माझं काय? फ्रीव्हील आणलं, सात चक्रांचंच, जुन्याच्या मापाचं. पण दुकानवाला म्हणतो जुनं निघत नाही, गंजून बसलंय, पूर्ण चाकच बदला. खरं आहे का हे?

दापोलीची
चाक बदलू नका. फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसतं आणि आपण पायडल मारतो तसं ते आणखी घट्ट होत जातं, त्यात गंज, त्यामुळे पान्याने ओढून निघत नाही, हे त्याचं बरोबर आहे. चाक काढा, स्पोककडच्या बाजूने आट्यांत गंज सोडवायचं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी फ्रीव्हीलचा रिमूव्हर खाचांत नीट बसवा, वरून धुरीचा नट हलका लावून ठेवा म्हणजे तो निसटून खाचा तुटणार नाहीत. मग रिमूव्हर व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंजात) घट्ट धरायचा, आणि पान्याने काही करायचं नाही, चाकच दोन्ही हातांनी स्टीअरिंगसारखं घड्याळाच्या उलट फिरवायचं. चाकाएवढा मोठा पाना कुणाकडे नसतो. एकदा कट आवाज होऊन सुटलं की थांबून नट काढा, मग पुढे फिरवा.

पानापक्कड
व्हाइस नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे जा, ग्रिल बनवणारे असतात ना, त्यांच्याकडे मोठा व्हाइस असतो. आणि नवीन बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस, नाहीतर पुढच्या वेळी परत हेच. यात मी ताईंशी सहमत आहे, नोंद घ्यावी.

वेंगुर्लेकर
नोंद घेतली. ग्रीस लायताना हात आखडू नको, आपल्याकडे हवेतच मीठ आसा.

राजापूरकर
हवेतल्या मिठाने घरात ठेवलेली सायकल कशी गंजते? माझी ओटीवर असते, पाऊस लागत नाही, तरी स्पोक लाल.

दापोलीची
मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. वाऱ्याबरोबर धातूवर बसलं की पाऊस नसला तरी तिथे पातळ ओलसर थर राहतो, त्यात गंज चालू. म्हणून अधूनमधून गोड्या पाण्याने धुवायची. बादली आणि फडकं, गाड्या धुवायचा प्रेशर पंप नको, त्याने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. मग कोरडी पुसून चेनच्या प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, थोड्या वेळाने बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. तेल आत पाहिजे, बाहेरच्या तेलाला धूळच चिकटते.

गुहागरवाले काका
कुठलं तेल ते मुद्दाम लिहिलं नाही.

दापोलीची
शिलाई मशीनचं चालेल काका, पावसाळ्यात जरा जाड घ्यावं.

भाट्येपार
निघालं! ग्रिलवाल्याकडे गेलो, त्याने आणि त्याच्या पोराने मिळून चाक फिरवलं, असा आवाज झाला की मला वाटलं हब फुटला. नवीन बसवलं, ग्रीस लावलं. भाट्याचा चढ तीन नंबरवर उभं राहून मारला, नाही सटकली. जुन्याचे दाते बघितले, मधली दोन चक्रं एका बाजूने पार खाल्लेली. दुकानवाल्याला नेऊन दाखवणार आहे. ताई, सडेकर, सगळ्यांना धन्यवाद. केबल पण बदलली पानापक्कड, गिअर आता लोण्यासारखे पडतात.

पानापक्कड
बोललो होतो.

चिपळूणचा एक
माझ्या सीटच्या दांड्याचं कुणी बघता का? सडेकर, हो, सायकल स्टीलची, दांडा ॲल्युमिनियमचा.

सडेकर
दोन वेगळे धातू आणि मधे ओल, म्हणून चिकटलेत. क्लॅम्प पूर्ण ढिला करून फटीत तेल सोडा, मग सायकल सरळ उभीच ठेवा म्हणजे तेल आत उतरेल. एक-दोन दिवस रोज सोडत राहा. नंतर सीट तशीच ठेवून तिला धरून डावी-उजवीकडे पिळा, वर ओढू नका, आधी फिरला पाहिजे. जुनी सीट असेल तर बरं, ती मोडू शकते. फिरायला लागला की पिळत पिळत वर. निघाल्यावर पॉलिश पेपरने घासा आणि ग्रीस लावूनच परत घाला.

चिपळूणचा एक
सीट जुनीच आहे. आज रात्री तेल सोडतो.