मदत हवी आहे: १९७१ च्या टायटन्स संघाची गोष्ट मुलांना मराठीत कशी सांगावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या इथल्या (व्हर्जिनिया) मराठी शाळेच्या कार्यक्रमात माझा मुलगा दहा मिनिटं बोलणार आहे. विषय त्यानेच निवडला: ॲलेक्झांड्रियाच्या टी. सी. विल्यम्स हायस्कूलचा १९७१ चा फुटबॉल संघ. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा तो.

पहिला मसुदा त्याने या संघावरच्या २००० सालच्या 'रिमेंबर द टायटन्स' या सिनेमावरून लिहिला, शेवटच्या क्षणी जिंकलेला अंतिम सामना वगैरे. प्रत्यक्षात रोअनोकला झालेल्या अंतिम सामन्यात टायटन्सनी अँड्र्यू लुईस हायस्कूलला २७-० असं हरवलं. १३ पैकी १३ सामने जिंकले आणि त्यातल्या ९ सामन्यांत समोरच्यांना एकही गुण करू दिला नाही! चुरशीचा झाला तो मार्शल हायस्कूलशी, २१-१६, पण तो अंतिम सामन्याच्या बऱ्याच आधी.

मुलगा हिरमुसला. "आई, एकतर्फी सामन्याचं सांगायचं काय?"

मला मात्र खरी गोष्टच मोठी वाटते. शहरातल्या तिन्ही हायस्कुलांची अकरावी-बारावीची मुलं त्या वर्षी एका शाळेत आणली. काल एकमेकांविरुद्ध खेळणारी मुलं, काळी आणि गोरी, एकाच संघात जागा मिळवायला भांडणार. मुख्य प्रशिक्षक हर्मन बून काळे. ते पद बिल योस्ट या गोऱ्या प्रशिक्षकांना मिळेल असं अनेकांनी धरलं होतं. योस्ट बूनच्या हाताखाली राहिले आणि बचाव त्यांनी सांभाळला. ते ९ सामने आठवा, म्हणजे त्या राहण्याची किंमत कळते. हे मुलांपर्यंत पोचावं अशी फार इच्छा आहे.

अडलंय ते गेरी बर्टियरपाशी. बचावातला हा कर्णधार अपघातात कमरेखाली लुळा झाला. सिनेमात हे अंतिम सामन्याआधी घडतं, खरं तर विजेतेपदानंतर आठवड्याभरात, सत्कारसमारंभाच्या रात्री घडलं. पुढे तो व्हीलचेअरवरून गोळाफेकीत उतरला. ऐकणारी मुलं सात ते बारा वर्षांची आहेत. विजयावर थांबावं की हेही सांगावं? शिक्षक असाल तर जरूर लिहा.

शिवाय १९७१ च्या वर्तमानपत्रांतली सामन्यांची वर्णनं ग्रंथालयाच्या कार्डावर घरून वाचता येतात का? कुणी वाचली आहेत?

आणि टॅकलला (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) मी कबड्डीतला 'पकड' शब्द सुचवलाय. मुलाला आवडला. खेळ जाणणाऱ्यांना पटतो का?