अनुभव धागा: अमिश परिसरातील बग्गीची सैर

शेवंती
मुलीच्या शाळेत पेन्सिल्व्हेनियावर प्रकल्प आहे. त्यासाठी काल अमिश लोकांची (मोटारीऐवजी घोडागाडी वापरणारा, साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) वस्ती असलेल्या लँकेस्टर परगण्याचा नकाशा काढत असताना, सासूबाई इकडे अमेरिकेत आल्या होत्या तेव्हा केलेली बग्गीची सैर आठवली. बर्ड-इन-हँड गावातून जाणाऱ्या ३४० क्रमांकाच्या रस्त्यालगत आम्ही बग्गीत बसलो होतो. सासूबाईंचे बालपण मिरजेत टांग्यातून फिरण्यात गेलेले, त्यामुळे त्यांचे लक्ष गाडीपेक्षा घोडीकडेच अधिक होते. इतकी सडपातळ, उंच घोडी गाडीला कशी काय जुंपली, हे त्यांनी मला गाडीवानाला विचारायलाच लावले. ती स्टँडर्डब्रेड जातीची असून शर्यतीतून निवृत्त झाल्यावर विकत घेतलेली आहे, असे त्याने सांगितले. या जातीच्या घोड्यांच्या शर्यतीच मुळी हलकी दोनचाकी गाडी ओढत होतात, त्यामुळे त्यांना गाडीची सवय नव्याने लावावी लागत नाही. शेतातल्या जड कामाला मात्र तिथे खेचरे जुंपतात. यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे हिने नोकरी बदलली, धंदा तोच ठेवला." गाडीवानाला हे भाषांतर करून सांगितल्यावर तो बराच वेळ हसत होता.
आपल्यापैकी ज्यांनी अशी सैर केली असेल त्यांनी अवश्य लिहावे.

रानमेवा
आमचा गाडीवान अमिश नव्हता. तो मेनोनाइट (अमिशांशी नाते असलेला दुसरा ख्रिस्ती पंथ) कुटुंबात वाढलेला होता आणि हे त्याने लगाम हातात घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले. पर्यटकांच्या बग्ग्या हाकणारे सगळेच अमिश असतात असे गृहीत धरू नये. ज्यांना अमिश गाडीवानच हवा असेल त्यांनी तिकीट काढतानाच विचारावे. आमचा त्यात तोटा काहीच झाला नाही, कारण शेजाऱ्यांविषयी तो आदराने आणि तरीही मोकळेपणाने बोलला. त्या भागात अमिश लोकांच्या बग्ग्या राखाडी आणि जुन्या वळणाच्या मेनोनाइटांच्या काळ्या असतात, ही खूण त्यानेच दाखवली.

मिलिंद_बोरीबंदर
मी यंत्र अभियंता असल्यामुळे सैर संपल्यावर बग्गीच्या खाली वाकून पाहिले, आणि पत्नीने नेहमीप्रमाणे ओळख नाकारली. गाडीचा साटा फायबरग्लासचा, ब्रेक हायड्रॉलिक, दिवे एलईडीचे, वळण दाखवणारे इंडिकेटर बॅटरीवर चालणारे; आणि चाकांना मात्र रबरी टायर नसून लोखंडी धाव! ही जुनी वस्तू जपून ठेवलेली आहे, असे म्हणणे मला त्यानंतर पटेनासे झाले. प्रत्येक नव्या सुधारणेचा विचार चर्चच्या स्थानिक गटात होतो. काही गोष्टी स्वीकारल्या जातात, काही नाकारल्या जातात. आमचा गाडीवान अमिश होता. गरज पडल्यास तो भाड्याच्या मोटारीतून, दुसऱ्याला चालवायला लावून, दवाखान्यात जातो; पण स्वतःची मोटार बाळगत नाही. "ताशी दहा-पंधरा किलोमीटरने जाणारा माणूस संध्याकाळी घरी परतेल इतक्याच अंतरावर जातो," अशा अर्थाचे काहीसे तो म्हणाला. मला या सर्व प्रकारातील हेच उत्तर सर्वांत महत्त्वाचे वाटते: घोडा हा तिथे वेगाला घातलेला लगाम आहे, आणि तो त्यांनी विचारपूर्वक घातलेला आहे.

भटकंती
मिलिंदकाका, पत्नीला आमची सहानुभूती कळवा.
सर्वांचे निर्णय सारखे नसतात, याला दुजोरा देतो. पेन्सिल्व्हेनियातच मिफ्लिन परगण्यातील बिग व्हॅलीत एका गटाच्या बग्गीचे छत पिवळे, दुसऱ्याचे पांढरे आणि तिसऱ्याचे काळे असते. कोण कोणत्या चर्चचा, हे लांबूनच ओळखता येते. आम्ही मात्र ओहायोत, होम्स परगण्यात, काळ्या बग्गीतून फिरलो. तिथे स्वार्ट्झेंट्रुबर नावाचा अतिशय कडक गट आहे. सावकाश चालणाऱ्या वाहनाची खूण म्हणून बग्गीच्या मागे लावायचा नारिंगी त्रिकोण त्यांना भडक वाटतो, म्हणून ते प्रकाश परावर्तित करणारी करडी पट्टी लावतात. केंटकीत याच कारणावरून काहींनी दंड न भरता तुरुंगवास पत्करला होता, आणि २०१२ मध्ये तिथला कायदा बदलला गेला.

उर्मिला_दे
स्वयंपाक करता करता लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. इंडियानात शिपशेवानाला गेलो होतो. तिथे बग्गीलाही नंबरप्लेट असते! नालांना घसरू नये म्हणून बसवलेले कठीण धातूचे तुकडे डांबरी रस्ता कोरून काढतात. आमच्या बग्गीची चाके त्या चरांवरून खडखडत गेली, तेव्हा नंबरप्लेटच्या शुल्कातून रस्त्याची दुरुस्ती होते, असे कळले.

सांजवेळ
माझा सूर थोडा वेगळा आहे. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांची अवस्था लहानपणापासून पाहिली असल्यामुळे, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. लँकेस्टरला नातेवाईकांनी आग्रह केला तरी मी बग्गीत बसले नाही. पर्यटकांना दिवसभर ओढणारे जनावर, मग ते कोणाचेही असो, मला पाहवत नाही.

शेवंती
सांजवेळताई, आपली भावना समजते. आमची घोडी धष्टपुष्ट होती आणि तबेल्यात पाणी व सावली होती, एवढेच मी पाहिले. इतर ठिकाणांविषयी मी हमी देणार नाही. उन्हाच्या दिवशी घोडे आलटून पालटून जुंपतात का, हे आधी विचारावे आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पुढे जावे.

रानमेवा
छायाचित्रांविषयी कोणीच लिहिले नाही. शेताचे, कोठाराचे, घोड्याचे छायाचित्र घेण्यास हरकत नसते, परंतु माणसांचे चेहरे टिपू नयेत. धर्माज्ञेतील मूर्तिनिषेध आणि नम्रता या दोन्हींच्या विरुद्ध ते मानले जाते. आमची बग्गी एका शेतावर थांबली तेव्हा लहान मुली घरचे रूट बीअर (नाव बीअर असले तरी हे गोड पेय आहे, मद्य नव्हे) आणि बिस्किटे विकत होत्या. शाकाहारी मंडळींनी तिथल्या 'पाय' (pie) या भाजलेल्या पदार्थाच्या कवचात डुकराची चरबी आहे का, हे विचारूनच घ्यावे.

तात्या_एडिसनकर
सर्वांचे अनुभव उत्तम. आईवडिलांना घेऊन या महिन्यात जायचे आहे, परंतु मला रविवारच मोकळा मिळतो. चालेल का?

रानमेवा
तात्या, रविवार टाळा. अमिश लोक त्या दिवशी व्यवसाय करत नाहीत, त्यामुळे त्यांची दुकाने आणि पर्यटकांसाठीच्या बग्ग्या बंद असतात. एक रविवार सोडून एक रविवार आळीपाळीने कोणाच्या तरी घरी प्रार्थना भरते, म्हणून एखाद्या शेताबाहेर राखाडी बग्ग्यांची मोठी रांग दिसेल. पण ती रस्त्यावरून पाहण्यापुरतीच, आत जाऊ नये. शनिवारी सकाळी लवकर पोहोचा, आईवडिलांना पुढच्या बाकावर बसवा कारण मागे धक्के अधिक बसतात, आणि स्वतःच्या मोटारीने बग्गीला ओलांडताना भोंगा वाजवू नका.

तात्या_एडिसनकर
शनिवारची सुट्टी मागतो. मिलिंदकाकांसारखे खाली वाकून पाहण्याची परवानगी मात्र घरून मिळालेली नाही.